केसपेपर पन्नास रुपये

गावच्या ट्रस्टच्या दवाखान्याने केसपेपर 20 वरून 50 रुपये केला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस शिमगा चालू आहे. 'नाव सेवेचं आणि गल्ला भरायचा?' इति आमचा आतेभाऊ. याच्या मुलीच्या लग्नात नुसत्या आइस्क्रीमचे चार काउंटर होते. कुणीतरी कायदाही काढला: धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा मोफत हव्यात. अहो, खाटांचा कायदा आहे तो. आपल्या दवाखान्यात एक टेबल आणि दोन बाकं आहेत.

मी इथे बॉस्टनजवळच्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरच्या मंडळावर आहे. असलं पहिलं केंद्र 1965 साली इथल्याच कोलंबिया पॉइंटला निघालं. नफा कमवायचा नाही, तरी बैठकीत पहिली चर्चा रोकडीची: उद्या आवक थांबली, तर किती दिवस दार उघडं राहील? 2025च्या जानेवारीत इथल्या केंद्र सरकारची अनुदानं रोखायचा हुकूम निघाला. दोन दिवसांत तो मागे घेतला गेला, पण तेवढ्यात आमचे पगाराचे दिवस मोजून झाले होते. पैसे नाहीत म्हणून आम्ही कुणालाच परत पाठवत नाही. मात्र सवलत हवी तर पे-स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, दाखवा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर नाममात्र, त्या रेषेच्या दुपटीपर्यंत सवलत, त्यावर पूर्ण फी. आतेभावाला पूर्ण पडली असती, आणि त्याने ती निमूट भरली असती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. कायद्याने या मंडळात निम्म्याहून जास्त माणसं तिथलेच पेशंट लागतात, आणि मी त्यातला. 2009 साली नोकरी गेली, तिच्याबरोबर विमा गेला. शुगरच्या गोळ्यांसाठी त्या काउंटरवर उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिलं. आईला फोनवर सांगितलं, कन्सल्टिंग करतोय.

पुढे दिवस पालटल्यावर गावच्या दवाखान्याला वेटिंग हॉल बांधून दिला. दारावर आप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तेव्हा डॉक्टर चाचरत म्हणाले होते, 'हॉलपेक्षा सिस्टरच्या पगाराचं वर्षाला काही जमलं तर...' मी म्हटलं, बघू.

आतेभावाचं उत्तर आलं: 'दादा, तू कधी केसपेपर काढलास का तिथे?'

काढायला गेलो होतो, मागच्या डिसेंबरात, घसा धरला होता तेव्हा. डॉक्टर म्हणाले, 'तुमच्याकडून काय घ्यायचं, तुम्ही घरचेच.' फार बरं वाटलं. वीसची नोट मी परत खिशात घातली.