पार्सलला कुणी वाली नाही

मी राहते केलमध्ये, जर्मनीत. ऱ्हाइनपलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून तिथली ट्राम थेट पूल ओलांडून आमच्याकडे येते. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपियन युनियनने रोमिंगचा जादा आकारही बंद केला.

ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या, कारभाराचं कौतुक माझ्या तोंडून सहसा निघत नाही, पण हे काम चोख झालं. कारण नुसतं ग्राहकाचं बिल कमी करून ते थांबले नाहीत. परक्या ग्राहकाला आपलं नेटवर्क वापरू देण्यासाठी मोबाइल कंपन्या एकमेकींकडून जे घाऊक दर घेतात, त्यांनाच वेसण घातली. एका जीबीला २०२२ मध्ये जास्तीत जास्त २ युरो, २०२७ मध्ये १ युरो. ब्रिटन बाहेर पडल्यावर हे बंधन सुटलं आणि तिथल्या काही कंपन्यांनी लगेच युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा लावले. म्हणजे आपणहून कुणी सोडत नाही!

(युरोप टूरवाल्यांनो, पॅरिसला घेतलेलं सिम इटली-ऑस्ट्रियात चालेल, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. युंगफ्राऊवरून घरी व्हिडिओ कॉल लावण्याआधी पॅकमध्ये स्वित्झर्लंडचं नाव आहे का बघा.)

तरी एक गंमत उरलीच आहे. पलीकडे जाऊन मी स्ट्रासबुर्गच्या डेंटिस्टला फोन लावला, तर तो माझ्या प्लॅनमधला. तोच फोन केलमधल्या स्वयंपाकघरातून लावला की झाला आंतरराष्ट्रीय कॉल. त्याला २०१९ पासून मिनिटाला १९ सेंट अधिक कर अशी मर्यादा आहे, म्हणून निदान लूट थांबली.

पार्सलच्या बाबतीत मात्र निव्वळ बोटचेपेपणा. २०१८ च्या नियमाने काय केलं? कंपन्यांनी दरपत्रक द्यायचं, युरोपियन आयोगाने (युनियनच्या कार्यकारी मंडळाने) ते वेबसाइटवर टाकायचं, अवाजवी वाटणारे दर त्या त्या देशाच्या नियामकाने तपासायचे. कमाल दर कुठेच नाही. त्यामुळे सहाशेहून अधिक किलोमीटरवरच्या हॅम्बुर्गला खोका पाठवणं समोरच्या काठावर पाठवण्यापेक्षा स्वस्त पडतं. डेटाला गाडी लागत नाही, पार्सलला लागते, हे मान्य. पण हॅम्बुर्गलाही ते गाडीतूनच जातं ना?

त्याच वर्षीचा जिओ-ब्लॉकिंगचा, म्हणजे ग्राहकाचा देश बघून ऑनलाइन दार बंद करण्याविरुद्धचा, नियम तर आणखी मजेशीर. फ्रेंच ऑनलाइन दुकानाने मला केवळ जर्मनीत राहते म्हणून माल नाकारायचा नाही, मात्र घरपोच देण्याची सक्ती नाही. पैसे जर्मन कार्डाचे चालतात, पत्ता मात्र फ्रान्सचाच टाका! मग पलीकडच्या मैत्रिणीचा पत्ता द्यायचा आणि खोका काखोटीला मारून ट्रामने यायचं. ट्राममध्ये असे खोकेवाले बरेच दिसतात. आणि हे कायदे करणारी युरोपियन संसद भरते कुठे, तर त्याच स्ट्रासबुर्गमध्ये.

पार्सल फुकट न्या असं कुणी म्हणत नाहीये. पण परदेशातून आलेलं पार्सल वाटण्यासाठी तिथलं टपाल खातं इथल्याकडून जो आकार घेतं, त्याला रोमिंगसारखी कमाल मर्यादा घाला की. वर्षागणिक उतरती. दरपत्रकं वेबसाइटवर टांगून माझा खोका स्वस्त होत नाही.