फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं, समुपदेशनात शाळा मिळाली, गावाला जाणाऱ्या एसटीची वेळही कळली. अभिनंदन, सर. (मॅडम असाल तर मॅडम. गावात पहिलं वर्षभर 'नवे मास्तर' किंवा 'नव्या बाई' एवढंच नाव असतं.) पुढची तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक. मानधन 16 हजार. 2023 च्या आधी ते 6 हजार होतं, हे जुनी मंडळी तुम्हाला दर महिन्याला ऐकवतील, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही. आता राहिला एक किरकोळ प्रश्न : वर्गात चांगलं शिकवायचं कसं?

घाबरू नका. त्याची एक पक्की रीत आहे आणि तिच्यात मुलांची अडचण सहसा होत नाही.

सुरुवात शांततेपासून करावी. हाताची घडी, तोंडावर बोट. ज्या वर्गातून आवाज येतो तिथे गोंधळ आहे आणि ज्या वर्गातून येत नाही तिथे अध्यापन चालू आहे, असं व्हरांड्यातून जाणारा प्रत्येक माणूस मानतो. छडीचं मात्र आता काही खरं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा बंद केली. त्याच कलमात मानसिक त्रासही बंद केलाय, पण ते वाक्य तिथवर वाचत जाणारे लोक थोडे. तेव्हा 'तुझ्या बापानं शाळा बघितली होती का?' हे तूर्त चालून जातं.

शांतता झाली की धडा वाचून दाखवा, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहा आणि शेवटी विचारा, 'कळलं का?' लगेच 'होऽऽऽ' असा सूर येईल. हा सूर मुलं पहिलीच्या पहिल्या आठवड्यात शिकतात. शंभर टक्के पटापर्यंत पोहोचलेलं शाळेतलं हे एकमेव शिक्षण. त्यात खिडकीजवळच्या एका पोराचा आवाज सगळ्यांहून मोठा असतो. त्याच्याकडे बघू नका. त्याला काहीएक कळलेलं नाही आणि ते झाकायची त्याने शोधून काढलेली ही युक्ती आहे. तुम्ही बघितलंत तर दोघांचीही पंचाईत.

नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. तिसरीत हातच्याची वजाबाकी आहे. फळ्यावर 52 वजा 38 मांडा. खिडकीजवळचं पोरगं पाटीवर 26 लिहून आणेल. योग्य कृती अशी की लाल फुली मारावी, 'लक्ष कुठं असतं रे?' म्हणावं आणि खाली बसवावं. दहा सेकंदांत मोकळे. पण काही नवशिके शिक्षक इथे चुकतात. ते विचारतात, 'हे 26 कसे आणलेस?' आणि पोरगं सांगतं! दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन घालवले, उरले सहा. पाचातून तीन गेले, दोन. झाले सव्वीस. म्हणजे लक्ष होतं, वजाबाकीही येते. मोठ्यातून लहान घालवायचं असा नियम त्याने स्वतःचा स्वतः बसवलाय आणि पुढची वीस उदाहरणं तो त्याच नियमाने इमानेइतबारे चुकवणार आहे.

एकदा हे कळलं की माणसाला राहवत नाही. मग तो काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या पोरापुढे ठेवतो आणि म्हणतो, 'यातल्या अडतीस दे.' पोरगं तीन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं, आणि अडतं. पुढे काही सांगायचं नसतं, हे फार जड जातं. पोरगं गठ्ठ्याकडे बघतं, तुमच्याकडे बघतं, पुन्हा गठ्ठ्याकडे. मग हळूच एकाचा दोरा सोडतं. दशक सुटा करणे म्हणतात ते एवढंच. पण यात अर्धी तासिका गेली, तीही एका पोरापायी, आणि बाकीची चौदा तेवढ्या वेळात काय करत होती याचा जबाब कोण देणार? शिवाय याचा फोटो तरी काय काढायचा? एक मोठं माणूस, एक लहान माणूस, फरशीवर काड्या. कुठल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यासारखं त्यात काही नाही.

तेच पोरगं संध्याकाळी पन्नासची नोट घेऊन दुकानात जातं, अडतीस रुपयांचा जिन्नस घेतं आणि उरलेले बारा मोजून खिशात टाकतं, ही बातमीही तुमच्या कानावर येईल. तिची आणि पाटीची गाठ घालून देऊ नका. दुकानातलं गणित दुकानात बरं.

फोटोचं निघालंच आहे तर त्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण तो विषय परिपाठाहून महत्त्वाचा. 2016 मध्ये आपल्या राज्यात आदेश निघाला होता की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' या सरकारी संगणक प्रणालीवर चढवावी, म्हणजे गळती थांबेल. तो पुढे बारगळला. 2022 मध्ये शिक्षकांचा ए-फोर आकाराचा फोटो वर्गात लावायचं निघालं, 'आपले गुरुजी' या नावाने. रोज समोर उभ्या असलेल्या बाईंचा फोटो भिंतीवर बघून मुलांना काय वाटलं, त्याची नोंद मागवलेली नव्हती. 2024 मध्ये पोशाखाचं परिपत्रक आलं : जीन्स नको, टी-शर्ट नको. त्याच परिपत्रकाने डॉक्टर-वकिलांसारखी नावापुढे उपाधी लावायची मुभाही दिली. यातून शासनाला शिक्षकाविषयी किती जिव्हाळा आहे ते दिसतं. शिक्षक कसा दिसतो याची आठ वर्षांत इतकी काळजी कोणी केली असेल?

तुम्हीही दिसण्याकडे लक्ष द्या. साताऱ्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) उदाहरण घ्या. 2015 च्या सुमारास तिथल्या जिल्हा परिषद शाळांचा ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान आपणच घडवायचं ही पद्धत, गाजला, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. तिथे मुलं फरशीवर आखलेल्या चौकटींत बसून आपापली शिकत होती, बाई अधूनमधून खाली बसून बघत होत्या, मुलांचं बोलणं ऐकत होत्या. पाहून आलेल्यांनी त्यातलं जे चटकन आणता येण्यासारखं होतं ते आणलं. ऑइलपेंट. बघता बघता कितीतरी शाळांच्या फरश्यांवर सापशिडी, मुळाक्षरं आणि एक ते शंभर उमटले, छताला तरंगचित्रं लोंबू लागली. रंग सुंदर होता. म्हणूनच काही ठिकाणी त्याच्यावर मुलांना बसू देत नाहीत. रंग जातो ना.

हाच न्याय शैक्षणिक साहित्याला. गणित पेटी प्लास्टिकसकट कपाटात ठेवावी. मणी हरवले तर तुमच्या नावावर, आणि न हरवता वापरायची कला अजून कुणाला साधलेली नाही.

आता कागद. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. कल्पना अशी की तुम्ही मुलाला वर्षभर निरखाल आणि त्याच्याबद्दल खास त्याचंच असं दोन ओळी लिहाल. कुणा भल्या माणसाला ही कल्पना सुचली असावी. सुदैवाने बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या पीडीएफ फिरतात. 'स्वच्छ व टापटीप राहतो.' 'गटात मिळूनमिसळून काम करतो.' 'कवितांचे तालासुरात गायन करतो.' 'गणितातील उदाहरणे अचूक सोडवतो.' या चार ओळी आळीपाळीने टाकत गेलात तर दुपारच्या सुट्टीत वर्ग उरकतो. एकच खबरदारी : मुलींच्या नावापुढे 'राहतो'चं 'राहते' करायला विसरू नका, तपासणीत तेवढंच सापडतं. खिडकीजवळच्या पोराला चौथी ओळ द्या. 'मोठ्यातून लहान वजा करतो, दशक सुटा करण्यापाशी अडतो, काड्या दिल्या तर जमतं' असली नोंद छापील पुस्तकात नाही. लिहिलीत तर विचारतील, मग तुम्ही काय केलंत?

वर्गात पोहोचायला वेळच मिळत नाही, असं तुम्हाला पहिल्या महिन्यात वाटेल. कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येणार नाही. आपल्याकडे निवडणुका ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत असतात, मतदार याद्या त्यांच्या मधल्या काळात असतात. खिचडी शिजण्याआधी तांदूळ मोजणं, शिजल्यावर चव घेऊन वहीत लिहिणं, जेवल्यावर आकडा अ‍ॅपमध्ये भरणं हे अशैक्षणिक धरत नाहीत, कारण ते शाळेतच होतं. पोरांना दुपारचं गरम मिळतं याबद्दल कुणाचं दुमत नसावं, माझं तर नाहीच. मी फक्त मोबाईल हातात धरून डोंगरावर रेंज शोधणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय. पहिली ते पाचवी, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हाही कायद्यातलाच हिशेब. दोघांतला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे पाच इयत्ता.

अशा दिवशी चौथीतली एखादी चुणचुणीत पोरगी पहिलीवर बसवावी. तिच्यावर मात्र नजर ठेवा. ती पहिलीतल्या पोराशेजारी मांडी घालून बसते, त्याची पाटी आपल्याकडे वळवते आणि विचारते, 'ए, हे असं का लिवलंस?' तिचं अजून प्रशिक्षण झालेलं नाही, त्यामुळे असं होतं.

तुमचं होईल. शिबिरं असतात, शिवाय दीक्षावरचे ऑनलाइन कोर्स. व्हिडिओ चालू करून मोबाईल खिशात ठेवावा, खिशातही शिक्षण होतं. शेवटी प्रश्नमंजूषा, तिची उत्तरं गटावर आलेली असतात. प्रमाणपत्र मिळालं की ते त्याच गटावर टाका आणि इतरांच्या प्रमाणपत्रांना हात जोडा. अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत, क्षमताधिष्ठित, आनंददायी हे शब्द पाठाच्या टाचणात पेरत चला. टाचण आधीच्या वर्षीचं असलं तरी चालतं, तारीख बदला.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. नेमणूक मेळघाटात झाली तर मुलं घरी कोरकू बोलतात, नंदुरबारकडे गेलात तर पावरी, भामरागडला माडिया. पहिलीतलं पोर सहा वर्षं आईशी, बहिणीशी, बकरीशी बोलत आलेलं असतं आणि तुमच्या वर्गात आल्यावर एकाएकी मुकं होतं. त्याचा अर्थ 'मंद' असा करायचा ठरलेला आहे. त्याच्या भाषेतले पंधरा-वीस शब्द तुम्हीच शिकून घ्यायचे, हा दुसरा मार्ग. तो कमीपणाचा आहे, आणि पोरं आपल्या उच्चारांना हसतात ते वेगळंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली होती. हे उदाहरण फार उपयोगी आहे, 5 सप्टेंबरच्या भाषणात. इतर दिवशी 'गुरं राखायला गेला' असं हजेरीवहीच्या कडेला पेन्सिलीने लिहिणं पुरतं. बीडकडे असाल तर दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापाच्या कोयत्यासोबत कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात परततो. त्यांना तुम्ही सोडलेल्या पानापासून शिकवावं की त्यांनी सोडलेल्या पानापासून, असा घोळ घालू नका. अभ्यासक्रम तुमच्या वेळापत्रकाने संपलेला असतो.

अधूनमधून 'असर'वाले गावात येतील. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून मुलांच्या शिकण्याचं हे सर्वेक्षण करते. ते शाळेच्या कागदांवर विसंबत नाहीत, थेट घरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि हातच्याची वजाबाकी घालतात. घरी, आईच्या समोर! शाळेत निदान होऽऽऽ म्हणायला सोबत असते. अहवाल आला की तो सर्वेक्षणाच्या पद्धतीवर चर्चा करून परतवावा.

हे सगळं नीट केलंत तर काही वर्षांत आदर्श शिक्षक पुरस्कार धरून चाला. प्रस्ताव आपला आपणच करायचा असतो. जाडजूड फाइल, कात्रणं, रंगीत फोटो, सरपंचांचं पत्र, वृक्षारोपण. मुलांना वाचता येतं की नाही त्याचा पुरावा जोडायला कुणी मनाई केलेली नाही, पण फाइलीत जागा उरत नाही.

पुरस्काराच्या आगेमागे बदली होईल. पोर्टलवर तीस शाळांचा पसंतीक्रम भरा, अवघड क्षेत्राचे दाखले जोडा आणि जायच्या दिवशी नव्या शिक्षकाला चार्ज द्या. यादी छापील असते : ताटं, वाट्या, कुकर, गॅसची शेगडी, सतरंज्या, टॅब, गणित पेटी न उघडलेली एक, रोजकीर्द, शिक्के, किल्ल्या. खिडकीजवळचं पोरगं कुठे अडलंय ते लिहायला तिच्यात रकाना नाही, तेव्हा नव्या माणसाला ते सांगत बसायची गरज नाही. ताटं मात्र दोनदा मोजून घ्या. एक कमी भरलं तर वसुली पगारातून होते.