सर्व्हर बदलल्यानंतरचा सोमवार: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आपण लिहिलंय की शनिवारी सर्व्हर बदलला आणि सोमवारी ४६ पैकी निम्म्या लोकांना क्लायंट फोल्डरमधल्या स्वतःच्याच फाइली सेव्ह करता येईनात. रात्रीचा बॅकअप झाला नाही, लॉगिन करताना हॅकिंगसारखी सूचना आली आणि ‘नुसती खाती कॉपी करायचे’ दोन दिवसांचे पैसे लावले. पहिल्या दोन चुका पूर्णपणे आमच्या आहेत. तिसऱ्या गोष्टीची कल्पना आधी द्यायला हवी होती. चौथा मुद्दा मात्र मला मान्य नाही.

आधी फाइलींचं. लिनक्समध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, फाइलवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो, म्हणजे यूआयडी. आपल्या जुन्या लिनक्सवर, सेंटओएस ६ वर, माणसांची खाती ५०० पासून सुरू होत, नव्या अल्मालिनक्स ९ वर १००० पासून. त्याखालचे आकडे सिस्टिमच्या खात्यांसाठी असतात आणि पुढे एखादं पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकलं की ते ९९९ पासून खाली उतरत मोकळा आकडा उचलू शकतं. म्हणून प्रत्येक खात्यात आम्ही १००० मिळवले, ५१७ चा १५१७ केला. हा निर्णय आजही बरोबर वाटतो, पण काम अर्धवट राहिलं. खातं बदलणारी यूजरमॉड कमांड आकडा बदलताना फक्त होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या, फाइली (आणि मेलबॉक्स) सोबत बदलते. बाकीच्या आपण हाताने बदलायच्या. ग्रुपचा आकडा बदलणारी ग्रुपमॉड तर फाइलींना हातच लावत नाही. आपलं क्लायंट फोल्डर वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क जुन्या मशीनमधून काढून तशीच नव्यात बसवली होती. सोमवारी तिथली यादी काढली तेव्हा मालकाच्या रकान्यात नावाच्या जागी नुसतं ५१७, ५२३, ५३१ दिसत होतं.

जुन्या आकड्यांच्या फाइली फाइंड कमांडने शोधून मालक आणि ग्रुप बदलले, तरी सहा जण अडलेलेच होते. त्यांना परवानगी एसीएलमधून, म्हणजे फाइलीवरच्या जादा परवानग्यांच्या यादीतून, दिलेली होती. एसीएलमध्येही आकडेच साठवलेले असतात आणि मालक बदलणारी चाउन कमांड ते बदलत नाही. गेटएफएसीएलने सगळी यादी टेक्स्ट फाइलमध्ये काढली, जुने आकडे बदलले आणि सेटएफएसीएलच्या रिस्टोअरने परत भरली. शनिवारी निघण्याआधी ‘मालक नसलेल्या फाइली’ शोधणारी फाइंडची एक ओळ चालवली असती, तर मालकीचा घोळ तिथेच दिसला असता. ती चालवली नाही, याबद्दल मनापासून माफी.

बॅकअपचं कारण साधं होतं. नव्या मशीनची वेळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, राहिली. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमधलं रात्री ११.३० चं काम त्यामुळे आपल्याकडच्या पहाटे ५ वाजता सुरू झालं आणि तोवर आपलं बॅकअपचं मशीन बंद झालेलं होतं. टाइमझोन आता कोलकात्याचा केला आहे आणि क्रॉन रिस्टार्टही केला आहे, कारण चालू असलेला क्रॉन जुनीच वेळ धरून बसू शकतो.

ती सूचना हल्ल्याची नव्हती. नव्या सर्व्हरला एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिनच्या) नव्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, दिल्या, त्यामुळे प्रत्येक कॉम्प्युटरला ओळख बदललेली दिसली. पण अशी सूचना डोळे मिटून पुढे ढकलायची सवय लागणं वाईट. नव्या कीचे फिंगरप्रिंट (ओळखीचे छोटे कोड) शुक्रवारीच छापून द्यायला हवे होते. आज पाठवतो, प्रत्येकाने जुळवून मगच जुनी नोंद काढावी.

आता ‘नुसती कॉपी’. पासवर्ड (खात्यांची यादी) आणि शॅडो (पासवर्डची नोंद) या फाइली जुन्यावरून उचलून नव्यावर टाकल्या, तर नव्या सिस्टिमची स्वतःची खातीच पुसली जातात. म्हणून फक्त माणसांच्या ४६ ओळी वेगळ्या काढून जोडल्या. शॅडोमधले हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) जसेच्या तसे आणले, त्यामुळे कोणालाही पासवर्ड बदलावा लागला नाही. नंतर पीडब्ल्यूसीके आणि जीआरपीसीके या कमांडने खात्यांच्या आणि ग्रुपच्या फाइलींची तपासणी केली. सुडोचे नियम (अॅडमिनचे अधिकार कोणाला) व्हिसुडो कमांडने तपासून घेतले. एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) आणि नेटवर्कची सेटिंग मात्र मुद्दाम नव्याने लिहिली, कारण सिस्टिम डिस्कची ओळख आणि नेटवर्क कार्डाचं नाव दोन्ही बदललेलं होतं. या कामाला दोन दिवस लागतात.

सोमवारच्या दुरुस्तीचं बिल येणार नाही आणि एका दिवसाचे पैसे परत करतो आहोत. जुन्या मशीनची सिस्टिम डिस्क ३० दिवस आमच्याकडे जशीच्या तशी राहील. तोवर कुठल्याही फाइलीच्या मालकाच्या जागी आकडा दिसला, तर त्याच दिवशी फोन करा.