सांताना ‘थेट’ मेजर लीगमध्ये गेला, पण पोहोचला नव्हता

बेसबॉलपटू योहान सांतानाची एक गोष्ट प्रेरणादायी मजकुरांच्या ढिगात वारंवार वर येते. ती थोडक्यात अशी: व्हेनेझुएलाच्या डोंगराळ भागातला एक पोरगा, जन्मजात डावखुरा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज). ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला त्याची किंमत कळली नाही आणि त्यांनी त्याला ५० हजार डॉलरला विकून टाकलं. मिनेसोटा ट्विन्सने हिरा ओळखला, मायनर लीगच्या, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या दुय्यम स्पर्धांच्या, खालच्या पायरीवरून उचलून थेट मेजर लीगमध्ये, अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, उभा केला आणि बघता बघता तो जगातला सर्वोत्तम पिचर झाला. शेवटी तात्पर्य, ते असतंच: अंगात गुण असला की अकादमी नको, पायऱ्या नकोत.

यातला माणूस खरा, संघ खरे, ५० हजारांचा आकडासुद्धा खरा. चुकलाय तो त्यांना जोडणारा धागा, आणि तोही एका ठिकाणी नाही.

‘जन्मजात पिचर.’ नाही. सांताना मेरिदा राज्यातल्या तोवार गावचा, जन्म १९७९ चा. तोवार अँडीज पर्वतात आहे. व्हेनेझुएलाच्या बेसबॉलचा पट्टा काराकास, वलेन्सिया, माराकाइबो असा उत्तरेकडचा, म्हणजे तोवार त्या पट्ट्याबाहेरच. अ‍ॅस्ट्रोजचा स्काउट (होतकरू खेळाडू हेरणारा) आंद्रेस रायनर याने १९९४ साली त्याला पाहिलं तेव्हा हा मुलगा सेंटर फील्डला खेळत होता. रायनरने त्याच्यात पिचर पाहिला नव्हता, एक चपळ आणि ताकदीने फेकणारा क्षेत्ररक्षक पाहिला होता. १९९५ मध्ये करार झाल्यावर, अ‍ॅस्ट्रोजच्या व्हेनेझुएलातल्या अकादमीत, त्या हाताची ताकद बघून त्याला पिचर बनवण्यात आलं. ही अकादमी १९८९ पासून चालू होती आणि बॉबी अब्रेऊ, रिचर्ड इदाल्गो, फ्रेडी गार्सिया हे रायनरनेच अ‍ॅस्ट्रोजला मिळवून दिलेले खेळाडू. म्हणजे ‘अकादमी नको’ म्हणणाऱ्या गोष्टीचा नायक अकादमीतच पिचर झाला.

‘अ‍ॅस्ट्रोजने ५० हजारांना विकला.’ इथे अमेरिकी बेसबॉलचा एक नियम समजून घ्यावा लागतो, नाहीतर गोंधळ ठरलेला. प्रत्येक संघाची ४० जणांची एक संरक्षित यादी असते. करार होऊन ठरावीक वर्षं उलटली आणि खेळाडू त्या यादीत नसला, तर डिसेंबरमध्ये होणाऱ्या ‘रूल फाइव्ह’ निवडीत दुसरा संघ त्याला उचलू शकतो. त्यासाठी तेव्हा ५० हजार डॉलर भरावे लागत. अट एकच: पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या संघात ठेवायचं, मायनरमध्ये पाठवायचं नाही. पाठवायचंच झालं तर आधी जुन्या संघाला निम्म्या किमतीत परत देऊ करायचं.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये पहिला हक्क ट्विन्सचा होता, दुसरा फ्लोरिडा मार्लिन्सचा. मार्लिन्सना जॅरेड कॅम्प नावाचा पिचर हवा होता. ट्विन्सनी आधीच सौदा ठरवला: आम्ही कॅम्पला उचलतो, तुम्ही सांतानाला उचला, मग अदलाबदल करू आणि वर तुम्ही आम्हाला ५० हजार द्या. ट्विन्सना सांताना मिळाला आणि निवडीचा खर्चही वसूल झाला. अ‍ॅस्ट्रोजने ‘विकला’ हा शब्द या व्यवहारात कुठेच बसत नाही.

मग अ‍ॅस्ट्रोज मूर्ख ठरतात का? मला तसं वाटत नाही. त्या हंगामात सांताना मिशिगनमध्ये, नवशिक्यांच्या म्हणाव्यात अशा पायऱ्यांच्या जेमतेम वर, मायनर लीगच्या लो-ए पातळीवर खेळत होता. १६० डाव टाकले, ८ सामने जिंकले, ८ हरले, इआरए ४.६६. (इआरए म्हणजे पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून. जितका कमी तितका चांगला.) वीस वर्षांच्या या मुलाला पुढच्याच वर्षी मेजर लीगमध्ये वर्षभर कोण सांभाळेल, असं अ‍ॅस्ट्रोजला वाटलं असेल तर ते अजब नव्हतं. ट्विन्स तळाचा संघ होता, २००० साली त्यांनी ६९ सामने जिंकले आणि ९३ हरले. अशा संघाला एक जागा शिकाऊ पोरासाठी अडवून ठेवणं परवडतं. त्यांची नजर चांगली होती हे कबूल, पण हरण्याची सोयही होती.

आता मुख्य मुद्दा: ‘थेट मेजर लीगमध्ये उभा राहिला.’ उभा राहिला, कारण नियमामुळे त्याला खाली पाठवता येत नव्हतं. २००० मध्ये ३० सामन्यांत मिळून ८६ डाव, इआरए ६.४९. फलंदाजांना ५४ वॉक (चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) दिले. या आकड्यांवर इतर कुठलाही एकवीस वर्षांचा पिचर जूनच्या आत परत मायनरमध्ये गेला असता. बहुतेक वेळा त्याला सामना हातचा गेल्यावरच चेंडू मिळायचा. २००१ मध्ये कोपराला दुखापत झाली आणि बराचसा हंगाम वाया गेला.

आणि मग फिरणाऱ्या गोष्टीतून साफ गायब असलेलं प्रकरण: २००२ च्या सुरुवातीला ट्विन्सनी त्याला मायनर लीगमध्ये धाडलं. मेजर लीगचे दोन हंगाम पाठीशी असलेला माणूस कॅनडात एडमंटनला, ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वात वरची पायरी) संघात. तिथे बॉबी क्वेयार नावाचे पिचिंग कोच होते. त्यांनी सांतानाला एक हुकूम दिला: प्रत्येक फलंदाजाला किमान एक चेंजअप टाकायचाच. परिस्थिती काहीही असो, मार पडला तरी.

चेंजअप म्हणजे आपल्याकडे वेगवान गोलंदाज हाताचा वेग तसाच ठेवून जो संथ चेंडू टाकतो, त्याचा भाऊबंद. सांतानाचा फास्टबॉल ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, चेंजअप त्याहून साधारण वीस किलोमीटरने मंद. अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून चेंडू तळहाताकडे ढकलायचा आणि हात मात्र फास्टबॉलच्याच जोराने फिरवायचा. फलंदाज बॅट फिरवून मोकळा होतो, चेंडू मागून येतो. उजव्या फलंदाजापासून तो बाहेरच्या बाजूला खाली जातो, म्हणून डावखुऱ्या पिचरच्या हातात हे हत्यार दुप्पट मोलाचं.

असा चेंडू मेजर लीगच्या सामन्यात शिकता येत नाही. तिथे दोन धावा गेल्या की व्यवस्थापक येऊन चेंडू काढून घेतो आणि पिचर पुन्हा सवयीच्या फास्टबॉलकडे वळतो. एडमंटनमध्ये सामन्याच्या निकालापेक्षा त्याचा चेंजअप महत्त्वाचा होता. मायनर लीग असते ती यासाठी, चुकण्याची परवानगी देण्यासाठी. मे संपता संपता तो परत वर आला आणि त्या हंगामात ट्विन्ससाठी त्याचा इआरए २.९९ होता. माझ्या मते सांताना मेजर लीगमध्ये खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००२ मध्ये. २००० मध्ये त्याचं फक्त नाव पोहोचलं होतं.

‘बघता बघता सर्वोत्तम.’ हे लवकर आटपू. २००३ च्या मार्चमध्ये ट्विन्सनी अनुभवी केनी रॉजर्सला आणलं आणि सांताना पुन्हा बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरणाऱ्या राखीव पिचरांत, बसला. नियमित सुरुवातीचा पिचर व्हायला जुलै उजाडला. त्या हंगामानंतर कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २००४ ची सुरुवात खराब गेली: ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (हंगामाच्या मध्यावरची सुट्टी) ७ विजय, ६ पराभव. त्यानंतर मात्र १३ विजय, एकही पराभव नाही, इआरए १.२१. वर्षअखेर २६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि एकमताने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, व्हेनेझुएलाच्या खेळाडूला मिळालेला पहिला. त्या वर्षी २२८ डावांत त्याने वॉक दिले ५४, म्हणजे २००० मध्ये ८६ डावांत दिले होते तेवढेच. करारापासून इथवर नऊ वर्षं गेली. २००६ मध्ये तो पुरस्कार पुन्हा, पुन्हा एकमताने.

राहिलं तात्पर्य, ‘पायऱ्या नकोत’. याला काही लोक फेलिक्स हर्नांडेझचं उदाहरण देतात. तोही व्हेनेझुएलाचा पिचर, एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला. पण सिअ‍ॅटल मरिनर्सनी २००२ मध्ये त्याच्यावर ७ लाख १० हजार डॉलर लावले होते, आणि तरी तो मायनर लीगच्या पायऱ्या चढूनच आला, फक्त भरभर. दुसऱ्या टोकाला व्हेनेझुएलाचाच पिचर रेंजर सुआरेझ: २०१२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजनी त्याला २५ हजार डॉलरला घेतलं, पहिला मेजर लीग सामना २०१८ मध्ये. पैसे वेगळे, वेग वेगळा, पण पायरी या दोघांपैकी कुणी गाळली नाही.

त्या पायऱ्यांवर पोरं कशी जगतात, याची मात्र या मजकुरांत कधी ओळ नसते. व्हेनेझुएलात मेजर लीग संघांची स्वतःची उन्हाळी लीग १९९७ मध्ये सुरू झाली. देशातली परिस्थिती बिघडत गेली तसे संघ एकेक करून निघून गेले आणि २०१५ च्या हंगामानंतर ती बंद पडली. आता तिथल्या मुलांची पहिली पायरी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये असते. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंना पहिल्यांदा संघटनेमार्फत करार मिळाला आणि अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्या पातळीचा किमान वार्षिक पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेला. डॉमिनिकन लीगमध्ये खेळणाऱ्या मुलांना तो करार लागू नाही.