पीडीएफसोबत मूळ फाइलही द्या

शिक्षकांनी स्वतःची वेबसाइट करून अध्यापन साहित्य सगळ्यांसाठी खुलं ठेवावं, हा लेखातला आग्रह मनापासून पटला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाटून घेण्याची ही वृत्ती आपल्या शाळांत आहेच.

पण एक गोष्ट लेखात यायला हवी होती. कितीतरी शिक्षक अजूनही कृतिपत्रिका युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात. दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की ‘वजाबाकी’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते, आणि ‘वजाबाकी’ असं शोधलं तर ती फाइल सापडतही नाही. म्हणून मग नुसती पीडीएफ टाकली जाते; ती सगळीकडे नीट दिसते, पण तिच्यात सहज बदल करता येत नाही. आता जव्हारच्या एखाद्या बाईंना उदाहरणात ज्वारीच्या पोत्यांऐवजी नागलीची पोती घालायची असतील तर त्यांनी काय करायचं? सगळं पुन्हा टाइप करायचं! संवाद उरतो तो फक्त ‘धन्यवाद सर’ एवढाच.

तेव्हा युनिकोडमध्ये लिहा, मूळ फाइल ठेवा, ‘बदल करून वापरा, श्रेय द्या’ असं तिथेच स्पष्ट सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्यासाठीच आहेत. ज्यांनी बदल केला त्यांची फाइलही त्यांच्या नावासकट तिथेच लावा. आणि डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, वार्षिक शुल्क एकट्या शिक्षकाच्या खिशातून का जावं? एकाच शाळा-केंद्रातल्या चार शाळांनी मिळून ते भरायला काय हरकत आहे?