‘सरपंचाने किती खाल्ले’ ते ॲपवर दिसत नाही

“तुमच्या ग्रामपंचायतीला केंद्राकडून दरवर्षी कोट्यवधी रुपये येतात. सरपंच एकटा सही करून ते काढतो, ऑडिट होत नाही. ई-ग्रामस्वराज ॲप उघडा आणि त्याने किती खाल्ले ते पाहा.” असा मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. गावच्या पैशाचा हिशोब मागणं रास्तच आहे. पण हा मजकूर वाचून गाव भलत्याच आकड्यावर बोट ठेवतं, आणि खरी चोरी झाली असेल तर ती बाजूलाच राहते.

आधी ‘कोट्यवधी’ पाहू. केंद्राचा पैसा राज्यांत आणि स्थानिक संस्थांत कसा वाटायचा हे वित्त आयोग सुचवतो. 15 व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये सुचवले. 2011 च्या जनगणनेतल्या सुमारे 83 कोटी ग्रामीण लोकसंख्येने भागलं तर माणशी वर्षाला साधारण 570 रुपये. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला निम्मे निम्मे. म्हणजे त्या पाच वर्षांत 2,000 वस्तीच्या गावाला वर्षाला ढोबळमानाने 9 लाख. राज्यागणिक आकडा कमीजास्त होतो, पण कोटीच्या घरात जात नाही.

15 व्या आयोगाच्या या 9 लाखांतले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेले, होते: निम्मे पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. अबंधित 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होते, मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. “पैसे पडून आहेत, मग गल्लीतला रस्ता का करत नाही?” असं विचारण्याआधी पडून असलेले पैसे बंधित आहेत की अबंधित ते पाहा. बंधित निधीतून रस्ता होत नाही.

आता ॲपवरचा आकडा. ई-ग्रामस्वराज हे ग्रामपंचायतींची नियोजित कामं आणि खर्च दाखवणारं सरकारी ॲप आहे. गैरसमजाचं मूळ इथेच आहे. ‘आमचा गाव आमचा विकास’ या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मांडलेली कामं तिथे अंदाजित रकमेसह दिसतात. आराखडा म्हणजे नियोजन. त्यात इतर योजनांतून अपेक्षित असलेली कामंही धरलेली असतात, आणि वर्षाखेरीस त्यातली बरीच सुरूही झालेली नसतात. तो आकडा ग्रामसभेत फडकवला की सरपंच खरं तेच सांगतो, “एवढे पैसे आलेच नाहीत,” आणि विषय संपतो. पाहायचं ते प्रमाणक, म्हणजे खर्चाचं व्हाउचर. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष निवडून वित्त आयोगाच्या खर्चाचे व्हाउचर काढा. प्रमाणक क्रमांक, तारीख, रक्कम आणि पैसे कोणाला गेले, हे चार तपशील उतरवून घ्या.

“सरपंच एकटा काढतो” हेही खरं नाही. ही रक्कम सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने थेट पुरवठादाराच्या बँक खात्यात जाते. मात्र डिजिटल स्वाक्षरी साठवलेले दोन्ही डोंगल एकाच माणसाच्या ताब्यात असतील तर या दोन सह्यांना अर्थ राहत नाही. विशेषतः महिला सरपंचाची स्वाक्षरी दुसराच कोणी वापरतो का, हे गावाने विचारायलाच हवं.

मग पैसा गळतो कुठे? अंदाजपत्रक आणि मोजमाप वही (झालेलं काम मोजून नोंदवायची वही) यांच्या मधल्या जागेत. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता म्हणजे 45 घनमीटर. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर टाकली तर 30 घनमीटर. एम-20 प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे सुमारे 8 गोण्या सिमेंट धरलं, तर 120 गोण्या फक्त कागदावर. वरून रस्ता अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून साइडपट्टीचा मुरूम पडण्याआधी कडेला टेप लावून तीन-चार ठिकाणी जाडी मोजा आणि फोटो काढा. मुरूम पडल्यावर रस्त्याला भोक पाडून नमुना (कोअर) काढण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी युक्ती म्हणजे तोच रस्ता दोन निधींत दाखवणं, एकदा वित्त आयोगातून आणि एकदा आमदार निधीतून. काम कुठून कुठपर्यंत झालं हे दोन्ही अंदाजपत्रकांत ताडून पाहिलं की हे उघड होतं.

ऑडिटही होतं. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग आक्षेप काढतो आणि ग्रामपंचायतीला त्यांचं अनुपालन, म्हणजे आक्षेपांवर काय केलं याचं उत्तर, द्यावं लागतं. पण लेखापरीक्षक मुख्यतः कागद तपासतो. मोजमाप वहीत 15 सेंटिमीटर लिहून शाखा अभियंत्याची सही असेल, तर कागद बिनचूकच दिसणार.

त्यामुळे माहितीच्या अधिकारात “पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या” असा अर्ज करू नका. ढीगभर झेरॉक्स हाती येतात, उपयोग शून्य. एकच काम निवडा आणि त्याचं नाव व वर्ष लिहून मागा: अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मोजमाप वहीची पानं, देयक, प्रमाणक, पूर्णत्वाचा दाखला. अर्जाची फी 10 रुपये, प्रती 2 रुपये पान, मुदत 30 दिवस. याच कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. तो फार थोडे लोक वापरतात, आणि जाडीच्या वादात नेमका तोच लागतो.

कागद हाती आले की ग्रामसभेत मोजमाप वहीतली जाडी आणि टेपवरची जाडी शेजारी शेजारी वाचून दाखवा. मिळालेलं उत्तर त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.