पन्नास हर्ट्झचा रसिक

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, हे मी केव्हाच स्वीकारले आहे. परंतु माझ्या अ‍ॅम्पच्या बिघाडाला मला कधी न मिळालेला चाहता श्रोता मिळावा, हे मात्र अजून पचलेले नाही.

तालमीत अ‍ॅम्पची डीआय लाइन, म्हणजे त्याचा आवाज थेट नेणारी केबल, मिक्सरला जोडताच मोठ्या स्पीकरमधून घुंऽऽ असा हम सुरू झाला. गिटारची केबल उपटली, तरी तो चालूच राहिला. म्हणजे गिटारमधला पिकअप, तारांची कंपने टिपणारा भाग, निर्दोष. अ‍ॅम्पचा मास्टर व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी त्याला काही फरक पडला नाही. मी अ‍ॅम्पमागे ओणवा होऊन विचार करत असताना ड्रमरला न्यायला आलेले त्याचे काका खुर्ची ओढून समोर बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! तंबोरा कुणी लावलाय?"

"काका, हा तंबोरा नाही, अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे."

"असेना का. स्वर बघ किती स्थिर आहे! आता यावर तू वाजव."

त्यांचे मन मोडू नये म्हणून मी जाड तारेवरचा तिसरा फ्रेट दाबला. हा स्वर सुमारे 49 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 49 कंपनांचा, आणि विजेचा हम 50 हर्ट्झचा. एका हर्ट्झच्या या फरकामुळे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून सेकंदाला एक असे हेलकावे खाऊ लागले. काकांनी डोळे उघडले आणि अत्यंत मायेने म्हणाले, "तू जरा उतरतोयस." दुर्दैव असे की, हिशेबाने ते बरोबर होते. वीजनिर्मिती केंद्राशी सूर जुळवण्याची जबाबदारी बेसवादकावर कधी आली, हे विचारायचे मी टाळले.

मग त्यांनी उपायही सुचवला. "प्लगची तिसरी पिन काढून टाक. आमच्या इस्त्रीची मी कधीच काढली." येथे मात्र माझा विनोद आटतो. हा सल्ला प्रत्येक तालमीत कुणीतरी देतोच, आणि त्याने हम जातोही. परंतु अ‍ॅम्पच्या आत काही सुटले आणि अर्थिंगची ही पिन नसेल, तर धातूच्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, आलेली वीज जमिनीत जाण्याऐवजी गिटारच्या तारांवर हात ठेवलेल्या माणसातून वाट काढते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी 1972 मध्ये स्वान्सी येथे मंचावरच अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "आमची इस्त्री अजून चालते."

दोष निघाला तो भलताच साधा होता. अ‍ॅम्प एका भिंतीच्या बोर्डवर, मिक्सर समोरच्या भिंतीच्या. दोघांचे अर्थिंग विजेच्या वायरिंगमधून जोडलेले होतेच, त्यात डीआय केबलच्या शील्डनेही, म्हणजे तिच्यातल्या धातूच्या वेष्टनानेही, ते जोडले आणि ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगचे बंद वर्तुळ, तयार झाला; हमचे मूळ तेच. अ‍ॅम्पच्या पाठीवरचे 'ग्राउंड लिफ्ट'चे बटण सरकवले की शील्डची ही जोडणी तुटते, प्लगची पिन मात्र शाबूत राहते. हे बटण इतके लहान आणि इतके मागे का बसवतात, हे त्या कारखान्यातल्या एकाने तरी टॉर्च तोंडात धरून शोधून पाहावे, मग कळेल.

बटण सरकवताच हम गेला. मी उत्साहाने पुन्हा तोच तिसरा फ्रेट दाबून छेडला. काकांनी कान टवकारले, थोडा वेळ वाट पाहिली आणि खुर्ची मागे सारत पुतण्याला म्हणाले, "चल रे, ते बंद पडलंय."